राउटरचं मागचं दार बंद केलं का?

हिडकल धरणावर आपण मासे उतरवतो तिथला कॅमेरा आणि ऑफिसातला वजनाचा हिशेब एकाच राउटरवर चालतो. बसवणाऱ्यानं त्यात टेलनेट चालू ठेवलं होतं. नाव 'अ‍ॅडमिन', पासवर्डही 'अ‍ॅडमिन'! जुलै 2017 मध्ये आपल्या कर्नाटकातच बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम बंद पडले, ते असाच मूळचा पासवर्ड न बदलल्यामुळं.

टेलनेट म्हणजे लांबून राउटरला हुकूम द्यायची जुनी सोय, पोर्ट 23. त्यात पासवर्ड उघडाच जातो. एसएसएच तेच काम कुलूप लावून करतं, पोर्ट 22.

आम्ही राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकलं. त्यात ड्रॉपबेअर हा छोटा एसएसएच सर्व्हर येतो, थोड्या मेमरीत मावतो. आधी 'रूट'ला पासवर्ड दिला, कारण नव्यानं टाकल्यावर तो नसतोच. मग सिस्टिम, अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, एसएसएच अ‍ॅक्सेस इथं इंटरफेस 'लॅन' केला, म्हणजे बाहेरून कुणी शिरायला नको. लॅपटॉपवर चावीची जोडी बनवली. पब्लिक चावी राउटरमध्ये, प्रायव्हेट आपल्याकडंच.

आता इथं घाई नको. पहिली खिडकी उघडीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून चावीनं आत जाऊन बघा. जमलं तरच पासवर्डनं लॉगिन बंद करा. दुसरा दोर बांधल्याशिवाय नावेचा पहिला दोर कोण सोडतं? राउटर रिसेट करायची वेळ आली तर सगळी सेटिंग जाते, कॅमेऱ्याचीसुद्धा.

घरच्या राउटरबद्दल विचारायचं असेल तर त्याच्या खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर तेवढा पाठवा. पासवर्डचा फोटो नको.