पुन्हा श्रीगणेशा

इ. स. १८५९ मध्ये जपानातील योकोहामा हे बंदर परदेशी व्यापाऱ्यांसाठी खुले झाले. ही वार्ता कानी येताच एदो नगरातील, म्हणजे आजच्या टोकियोतील, एक तरुण शिक्षक ते नवे बंदर पाहण्यास पायी निघाला. त्याचे नाव फुकुझावा युकिची. वय अवघे चोवीस वर्षांचे. परंतु डच भाषेचा तो मोठा व्यासंगी होता आणि एदोमध्ये विद्यार्थ्यांना ती भाषा शिकवीतही असे.

योकोहामाच्या रस्त्यांवरून हिंडताना मात्र त्याची मती गुंग झाली. दुकानांवरील पाट्या त्याला वाचता येईनात. बाटल्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचा अर्थ लागेना. तो डच भाषेत बोले ते दुकानदारांना कळत नसे आणि दुकानदार बोलत ते त्याला कळत नसे. अखेर एक जर्मन व्यापारी भेटला. त्यालाही याचे बोलणे समजले नाही. पण डच भाषेत लिहून दिलेले मात्र उमगले. त्याच्याकडून काही किरकोळ वस्तू विकत घेऊन फुकुझावा माघारी फिरला. मध्यरात्री निघालेला तो दुसऱ्या मध्यरात्री एदोस पोचला. पाय भरून आले होते, परंतु त्याहून मनाचा शीण मोठा होता.

निराशा होण्यास कारणही तसेच होते. दोनशेहून अधिक वर्षे जपानने युरोपीय लोकांपैकी केवळ डचांनाच व्यापार करू दिला होता. तोही नागासाकी बंदरातील एका चिमुकल्या बेटावर. (मराठ्यांच्या जुन्या कागदपत्रांत ज्यांना वलंदेज म्हटले आहे, तेच हे डच.) त्यामुळे पाश्चात्त्यांचे वैद्यक, रसायन, तोफांचे शास्त्र, जे काही शिकावयाचे ते डच ग्रंथांतूनच. फुकुझावा ही भाषा ओसाका येथे ओगाता कोआन नावाच्या वैद्याच्या पाठशाळेत शिकला होता. तेथे मोठा शब्दकोश एकच. तो ज्या खोलीत ठेवलेला असे, तेथे विद्यार्थ्यांची सदैव दाटी होई. एकदा आजारी पडल्यावर फुकुझावाने उशी मागितली, तेव्हा कोठे त्याच्या ध्यानात आले की, गेल्या वर्षभरात आपण उशी वापरलेलीच नाही! वाचता वाचता मेजावर डोके टेकून झोपावे, असा त्याचा नित्यक्रम होता. इतक्या कष्टाने मिळवलेली विद्या योकोहामाच्या बाजारात काडीच्याही उपयोगाची ठरली नाही.

त्या पाट्या इंग्रजीत असल्या पाहिजेत, असे त्याने ताडले. आणि दुसऱ्याच दिवशी त्याने मनाशी ठरवले की, आता इंग्रजीचा श्रीगणेशा करावयाचा.

पण शिकवणार कोण? मोरियामा नावाचे एक सरकारी दुभाषी इंग्रजी जाणत होते. तथापि परदेशांशी होणाऱ्या करारांच्या कामात ते बुडून गेलेले. फुकुझावा आठ-नऊ किलोमीटर चालत पहाटे त्यांच्या घरी जाई, तो ते दरबारी जाण्यास निघालेले असत. सायंकाळी जावे, तर पाहुणे बसलेले असत. परतताना वाटेत एक निर्जन माळ लागे. तेथे चोर-दरोडेखोरांचे भय असे. असे दोन-तीन महिने गेले आणि विद्या काही पदरी पडली नाही. मग त्याने शब्दकोशावरच भिस्त ठेवावयाची असे ठरवले. सरकारी ग्रंथशाळेतील कोश घरी नेण्यास मनाई होती. म्हणून आपल्या सरदाराकडे अर्ज करून त्याने एक इंग्रजी-डच कोश विकत घेवविला. सोबतीला एखादा मित्र असावा, म्हणून तो अनेकांना भेटला. एकाने तर साफ सांगितले, ‘जे वाचण्याजोगे आहे, ते डच भाषेत येतेच, इंग्रजी हवी कशाला?’ शेवटी एक जोडीदार मिळाला आणि अभ्यास सुरू झाला.

जपानी मनुष्यास इंग्रजी अवघड का वाटते, हे मराठी मुलांना चटकन समजण्याजोगे आहे. कारण वाक्यरचनेत या दोन भाषा परस्परांच्या पुष्कळच जवळ येतात. ‘मी सफरचंद खातो’ हे वाक्य जपानी भाषेत ‘वाताशि वा रिंगो ओ ताबेरु’ असे होते. ‘वाताशि’ म्हणजे मी, ‘रिंगो’ म्हणजे सफरचंद आणि ‘ताबेरु’ म्हणजे खाणे. क्रियापद आपल्यासारखेच शेवटी. ‘वा’ आणि ‘ओ’ हेदेखील आपल्या प्रत्ययांप्रमाणे नामाच्या मागून येतात. इंग्रजीत मात्र ‘आय ईट ॲन ॲपल’; क्रियापद मध्येच येऊन बसते. यावर त्या काळच्या जपानी पुस्तकांत एक नामी युक्ती आढळते. प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली त्याचा अर्थ आणि एक आकडा छापीत: ‘आय’खाली १, ‘ॲपल’खाली २, ‘ईट’खाली ३. आकड्यांच्या क्रमाने वाचले की वाक्य जपानी वळणाचे होई. चिनी ग्रंथ जपानी लोक शतकानुशतके अशाच खुणांच्या आधारे वाचीत आले होते. अर्थ समजण्यास ही युक्ती उत्तम. बोलावयाचे झाले तर मात्र तिचा काही उपयोग नाही.

आणखीही अडचणी होत्या. ‘मी खातो, तू खातोस, ते खातात’ असे क्रियापदाचे रूप मराठीत बदलते. जपानीत सर्वत्र ‘ताबेरु’च. पुस्तक एक असो वा दहा, नाम ‘होन’ असेच राहते. मग ‘ईट’ आणि ‘ईट्स’, ‘बुक’ आणि ‘बुक्स’ यांतील भेद ध्यानात तरी कसा राहावा? शिवाय ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ ही चिमुकली उपपदे! ती जपानीत नाहीत, मराठीतही नाहीत.

येथे फुकुझावास एक सुखद अनुभव आला. डच भाषेत अशी उपपदे होती. डच ‘बूक’ म्हणजे इंग्रजी ‘बुक’, डच ‘मेल्क’ म्हणजे इंग्रजी ‘मिल्क’. व्याकरणाची घडणही बरीचशी तीच. योकोहामाहून परतताना वाया गेली असे वाटलेली विद्या येथे पानोपानी हात देऊ लागली.

राहिला उच्चार. तो कोशातून कसा कळणार? नागासाकीहून आलेला एक लहान मुलगा इंग्रजी जाणतो असे समजताच हा पंडित त्याच्याकडे उच्चार विचारावयास गेला. समुद्रात भरकटून परदेशी जहाजांवर राहून आलेले खलाशी गावात उतरले की, तो त्यांच्या बिऱ्हाडी जाई. जपानी लिपीत, ‘न्’ सोडला तर, व्यंजन स्वरावाचून लिहिता येत नाही. म्हणून ‘मिल्क’चे ‘मिरुकु’ आणि ‘डेस्क’चे ‘देसुकु’ होते. आपल्या खेड्यांत स्टेशनाचे ‘ठेसन’ होते तसेच! ‘र’ आणि ‘ल’ असे दोन निराळे ध्वनीही जपानीत नाहीत. त्यामुळे ‘राइट’ आणि ‘लाइट’ जपानी कानाला एकच वाटतात.

इ. स. १८६० मध्ये ‘कानरिन मारु’ हे जपानी जहाज पॅसिफिक महासागर ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोस गेले. फुकुझावा त्यावर होता. जहाजावर मांजिरो नावाचा दुभाषी होता. तो मूळचा कोळ्याचा पोर. चौदाव्या वर्षी वादळात सापडला, अमेरिकी देवमासेमारी जहाजाने त्याला वाचवले आणि तो अमेरिकेतच शिकला. या दोघांनी तेथे वेब्स्टरच्या इंग्रजी कोशाची एकेक प्रत विकत घेतली. फुकुझावाने चिनी लोकांसाठी रचलेले एक इंग्रजी शब्दांचे पुस्तकही आणले आणि त्याच वर्षी जपानी उच्चार व अर्थ घालून ते प्रसिद्ध केले. त्यात ‘व्ही’ या अक्षराचा उच्चार लिहिताना तो अडला, कारण तो ध्वनी जपानीत नाही. जपानी लिपीत ‘क’ला दोन बारीक टिंबे दिली की ‘ग’ होतो. फुकुझावाने तीच टिंबे ‘उ’ या स्वरावर दिली आणि नवे अक्षर सिद्ध केले. ते जपानी लेखनात आजही आढळते.

पुढे त्याच्या पाठशाळेत डच भाषेऐवजी इंग्रजी शिकवू लागले. १८६८ मध्ये तिला ‘केइओ गिजुकू’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी एके दिवशी एदोमध्ये, उएनोच्या टेकडीवर, लढाई जुंपली. नगरातील व्यवहार बंद पडले. पाठशाळेतील काही विद्यार्थी शिडीने छपरावर चढून दूरवरचा धूर पाहत होते. आत फुकुझावा एका अमेरिकी ग्रंथकाराचे अर्थशास्त्राचे इंग्रजी पुस्तक उघडून बसला होता, आणि तोफांचे आवाज येत असता पाठ चालूच होता.