चरबीची शुद्धी आणि शरीअतचा हुकूम

ईदुल अजहाच्या दिवशी आपण मांसाचे वाटप काळजीपूर्वक करतो. परंतु गुर्द्याभोवतीची चरबी मात्र अनेकदा कचऱ्यात जाते. हलाल जनावराची चरबीही हलाल आहे. ती फेकणे म्हणजे अल्लाहच्या देणगीची नासाडी होय, आणि गटारात टाकलेली चरबी शेजाऱ्यांनाही त्रासदायक ठरते.

ती घरीच कढवता येते. प्रथम रक्त व मांसाचे तुकडे काढून चरबी धुवावी आणि बारीक चिरावी. जाड बुडाच्या पातेल्यात थोडे पाणी घालून मंद आचेवर ठेवावी. पाणी आटून बुडबुडे शांत झाले आणि चोथा तांबूस झाला की स्वच्छ कापडातून गाळावी. वास उरल्यास ती थंड होऊ द्यावी; मग तितकेच पाणी व थोडे मीठ घालून पुन्हा उकळावी व गोठू द्यावी. चरबी वर येते, गाळ खाली राहतो. वडीच्या तळाचा थर खरवडून टाकावा, ती मंद आचेवर वितळवून पाण्याचा अंश घालवावा व कोरड्या बरणीत भरावी. उकळत्या चरबीत पाणी कदापि ओतू नये.

परंतु या कृतीने केवळ मळ जातो. हराम वस्तू हलाल होत नाही. मक्का विजयाच्या वर्षी, हिजरी ८ मध्ये, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुर्दाराची विक्री निषिद्ध ठरविली. तेव्हा लोकांनी विचारले की, त्याची चरबी नावांना व कातड्याला लावतात, दिव्यातही जाळतात, तिचे काय? प्रेषितांनी (स.) ती हराम असल्याचे सांगितले, पूर्वीच्या लोकांनी निषिद्ध चरबी वितळवून विकली व तिची किंमत खाल्ली, याचाही निषेध केला. आदरणीय जाबिर (रजि.) यांची ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. रूप बदलून हुकूम टाळण्याची वाट येथेच बंद होते.

म्हणून स्वस्त मिळते म्हणून अज्ञात चरबी घेऊ नका. जनावर कोणते व जबीहा कसा झाला, हे आधी विचारा. कुर्बानीची चरबी स्वतः वापरा, गरजूंना द्या. पण विकून पैसा घरात ठेवू नका आणि कसायाला मजुरी म्हणूनही देऊ नका. त्याची मजुरी स्वतःच्या खिशातून द्या.

शुद्धीची सुरुवात चुलीवर नव्हे, जनावर निवडताना होते. अल्लाह आपणा सर्वांना हलाल व पाक उपजीविका देवो. आमीन.