पैलतीराची परीक्षा

कुत्रा हा मनुष्याचा पुरातन सोबती होय. कोठे तो घर राखतो, कोठे मेंढरे वळतो, तर कोठे अंधाची काठी होतो. परंतु पाण्यात उडी घालावी, पलीकडच्या तीरावर पडलेली वस्तू शोधावी आणि ती आणून धन्याच्या हाती द्यावी, हेच ज्यांचे कुलव्रत आहे, अशा कुत्र्यांत लॅब्रेडॉर जातीच्या कुत्र्याला मानाचे स्थान आहे.

या कुत्र्याचे पूर्वज कॅनडाच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या पदरी असत. गळातून निसटलेला मासा पकडावा, जाळ्याचा दोर तोंडात धरून पोहत आणावा, अशी त्यांची कामे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मासळीचा व्यापार करणाऱ्या जहाजांतून ते इंग्लंडमधील पूल बंदरात उतरले. तेथील उमरावांनी त्यांची जोपासना केली आणि १९०३ साली ब्रिटनच्या केनेल क्लबने लॅब्रेडॉर या जातीला मान्यता दिली. त्याच्या अंगावरील दाट, दुपदरी व तेलकट केसांमुळे पाणी कातडीपर्यंत सहसा पोचत नाही. बोटांमधील पडदा वल्ह्याचे, तर जाडजूड शेपूट सुकाणूचे काम करते.

तथापि केवळ निसर्गाच्या देणगीने कार्यभाग साधत नाही. तिला शिक्षणाची जोड द्यावी लागते. ब्रिटनमध्ये बंदुकीने टिपलेले रानबदक पुष्कळदा नदीपलीकडच्या लव्हाळ्यात जाऊन पडते. ते घायाळ झाले असेल, तर त्याच्या यातना लवकर संपणे हे कुत्रा तेथवर पोचण्यावर अवलंबून असते. कुत्रा अलीकडेच अडखळला, तर तो मुका जीव तेथेच तळमळत राहतो. म्हणून या शिक्षणाकडे जाणते लोक करमणूक म्हणून पाहत नाहीत, तर कर्तव्य म्हणून पाहतात.

पिल्लू सहा-सात महिन्यांचे झाले, म्हणजे शिक्षणास रीतसर आरंभ होतो. पहिले धडे जमिनीवरचे. आज्ञा होताच बसणे, सांगेपर्यंत न हलणे, शिटी ऐकताच परत येणे आणि फेकलेली वस्तू आणून हातात देणे, एवढे अंगवळणी पडल्यावाचून पाण्याचे नाव काढावयाचे नाही. या सरावासाठी पक्षी नव्हे, तर कॅनव्हासची भरीव गुंडाळी वापरतात. तिला 'डमी' म्हणतात.

मग उबदार दिवस आणि उतरत्या काठाचे संथ पाणी पाहून दुसरा धडा सुरू होतो. उतावळा मनुष्य पिल्लाला उचलून डोहात टाकतो. ते कसेबसे बाहेर येते खरे. परंतु पाण्याची भीती त्याच्या मनात जन्मभर घर करून बसू शकते. शहाणा शिक्षक तसे करीत नाही. गुडघ्याएवढ्या पाण्यात तो स्वतः उतरतो आणि पिल्लू आपणहून मागे येईपर्यंत वाट पाहतो. एखादा अनुभवी कुत्रा सोबत असल्यास फारच उत्तम. प्रारंभी पिल्लू पुढचे पाय आपटून पाणी उडविते. हळूहळू त्याचे अंग तरंगू लागते. अशा वेळी दोन-तीनदा डमी आणवून, त्याचा उत्साह टिकून आहे तोच खेळ थांबवितात.

खरी कसोटी पुढेच आहे. डमी पाण्यात पडली, तर ती दिसते. पैलतीरावर पडली, तर शोधावी लागते. कित्येक पिल्ले पलीकडच्या काठापर्यंत पोहतात, पण वर न चढता पाण्यातच घुटमळतात. याकरिता प्रथम अरुंद ओढा निवडून डमी पलीकडे स्पष्ट दिसेल अशी टाकतात आणि मग अंतर क्रमाक्रमाने वाढवितात. पिल्लू चुकले, तर ओरडण्याऐवजी अंतर कमी करतात. ते उशिरा परतले, तरी त्याला रागे भरत नाहीत. कारण त्यामुळे परत येणे हाच अपराध, असे ते समजून बसते. काठावर येताच अंग झटकण्यासाठी तोंडातील वस्तू टाकण्याची खोडही असते. त्या क्षणी घायाळ पक्षी निसटू शकतो. म्हणून शिक्षक अगदी काठाशी उभा राहून प्रथम डमी हाती घेतो.

कुत्रा प्रवाहाच्या मध्यभागी असताना धन्याचा हात त्याच्यापर्यंत पोचत नाही. साखळीही नसते आणि काठीही नसते. पलीकडे काय पडले आहे, हे पुष्कळदा त्याने पाहिलेलेही नसते. तो मागे वळून पाहतो, धनी हात उंच करून दिशा दाखवितो आणि कुत्रा पुन्हा पुढे निघतो. तेथे त्याला पुढे नेतो तो केवळ विश्वास. धाकाची सत्ता काठापर्यंतच चालते.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीवर कडक निर्बंध घातले आहेत. ब्रिटनमध्येही पक्ष्यांऐवजी डमी वापरून या कुत्र्यांच्या स्पर्धा घेतल्या जातात. आपल्याकडे पोलीस व सैन्यदलांत लॅब्रेडॉर कुत्रे स्फोटके हुडकण्याचे काम करतात. काम निराळे असले, तरी शिक्षणाचे मर्म एकच आहे. शिष्याला पैलतीर गाठावयास लावावयाचे असेल, तर गुरूने आधी स्वतः पाण्यात पाऊल टाकले पाहिजे.