घराचा झाकलेला दोष

समजा, लोह्याकडच्या एका शेतकऱ्याने जुने माळवदाचे घर विकत घेतले. खरेदीखत झाले. पैसे दिले. मृगाचा पाऊस पडला आणि ओसरीची फरशी खचली. खाली पेव निघाले! पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला मोठा खड्डा. आजच्या पोरांनी तो पाहिलाही नसेल. जुन्या मालकाने तो राख-कचऱ्याने बुजवून वर फरशी घातली होती.

शेतकरी त्याच्याकडे गेला.

"काका, खाली पेव आहे हे सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस, बाबा. घर घेतलंस, आता ते तुझं."

काकांचे म्हणणे बरोबर आहे का? नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या ५५ व्या कलमात हे सांगितले आहे. घरात मोठा दोष आहे, विकणाऱ्याला तो माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि नीट पाहूनही तो दिसण्यासारखा नाही. असा दोष विकणाऱ्याने आपणहून सांगायचा असतो. गप्प बसला तर कायदा त्याला लबाडी म्हणतो.

पण बरं का, दिसणारा दोष घेणाऱ्यानेच पाहायचा. खांबाला वाळवी लागली आहे, भिंतीला पोट आले आहे, आणि आपण चहा पिऊन परत आलो, तर पुढे कुणाला बोलणार?

आणखी एक अडचण आहे. विकणाऱ्यालाही दोष माहीत नसेल तर? लातूरकडच्या लोकांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली. तिथल्या भिंती दोन फुटांहून जाड होत्या. बाहेरून भक्कम दिसत. पण भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड वेगवेगळे रचलेले, मध्ये दगडमातीची भर. दोन्ही बाजूंना जोडणारे आरपार दगड नव्हते. माथ्यावर माळवदाच्या मातीचा भार. भिंती फुटल्या आणि माळवद खाली आले. भिंतीच्या पोटात काय आहे, हे राहणाऱ्यालाही ठाऊक नसते. जे त्याला ठाऊकच नाही, ते न सांगितल्याबद्दल हे कलम त्याला धरत नाही. म्हणून जुने घर घेताना जाणता गवंडी सोबत न्यावा. त्याची दिवसाची मजुरी गेली तरी चालेल.

शहरात महारेराकडे नोंदलेल्या इमारतीत नवा फ्लॅट घेतला, तर नियम वेगळा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो.

आता आपल्या शेतकऱ्याने काय करावे? खड्डा लगेच बुजवू नये. फोटो काढावेत. चार माणसांना दाखवावे. काकांना स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे. लबाडी कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे चौकशी करावी. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे वकील फुकट मिळतो, मग मिळकत कितीही असो.

त्याच्या खरेदीखतात "घर आहे त्या स्थितीत घेतले" असे वाक्य असेल, तर तंटा अवघड जातो. म्हणून सही करण्याआधी खत स्वतः वाचावे आणि एक वाक्य घालून घ्यावे. आज ते पाटीवर लिहून पाहा:

"या घराखाली पेव, आड किंवा पोकळी असल्याचे मला माहीत नाही. मला माहीत असलेले सर्व दोष मी घेणाऱ्यास सांगितले आहेत."