पाणी ओळख, स्वयंपाक येईल

बाळा,

वाघोलीला स्वतःची चूल मांडलीस, हे बरं केलंस. पाककृती तुला मोबाइलवर हव्या तितक्या मिळतील. त्यांत तिखट-मिठाची मापं चमच्यांत दिलेली असतात आणि पाण्यापुढे मात्र 'गरजेपुरतं' असं लिहून मोकळे होतात. ती गरज किती, हेच तर शिकायचं असतं. तुझ्या आजीने आम्हा बहिणींना पहिल्यांदा तेच शिकवलं. ती म्हणायची, मीठ जास्त झालं तर बटाटा घालून, नारळ वाटून निभावता येतं. पाणी जास्त झालं की भाताची पेज होते आणि कुंडीतलं रोप हातचं जातं. तिच्याकडून आलेलं, आणि पुढे मी जोडलेलं, असं तुला सांगून ठेवते.

डाळ आधी, आंबट नंतर

तुमच्या सोसायटीत टँकरचं नि बोअरचं पाणी येतं. ते जड असतं. बादलीला, नळाच्या तोंडाला पांढरा थर धरतो ना, तो त्यातल्या क्षारांचा. तेच क्षार डाळीच्या दाण्याचं साल नि गर घट्ट धरून ठेवतात. मग चार शिट्ट्या झाल्या तरी तूरडाळ मोडत नाही आणि आपण डाळीला नावं ठेवतो. डाळ, राजमा, छोले यांना पिण्याचं गाळलेलं पाणी घे. चिमूटभर हळद नि अर्धा चमचा तेल घाल, म्हणजे फेस शिट्टीवाटे उतू येत नाही.

चिंच, आमसूल, टोमॅटो, गूळ यांतलं काहीही डाळ शिजण्याआधी घालायचं नाही. आंबट लागलं की दाणा मऊ व्हायचा थांबतो. पुरणाचा गूळही डाळ बोटाने चिरडली गेल्यावरच. सोडा घालायची घाई करू नकोस. डाळ लवकर गळते खरी, पण तिची चव उतरते आणि बी-१ जीवनसत्त्वही जातं. त्यापेक्षा रात्रीच भिजत घाल.

पुरणाला चणाडाळ शिजवताना पाणी मुद्दाम भरपूर ठेव. वर येतो तो कट. तो ओतून देणाऱ्याच्या घरी मी जेवायला जात नाही! त्यातच गोडा मसाला, चिंच-गूळ, भाजलेलं खोबरं नि पुरणाचा लहानसा गोळा कालवलास की कटाची आमटी झाली.

भाताचं पाणी तांदळाला विचार

नवा तांदूळ पाणी कमी मागतो, जुना जास्त. मावळातून आणलेला नवा इंद्रायणी आणि वर्षभर मुरलेला कोलम यांना एकच माप लावलंस तर एक गिजगोळा होईल, दुसरा टचटचीत राहील. कोलमला दुपटीने सुरुवात कर, नव्याला त्याहून थोडं कमी. पोतं किंवा पिशवी बदलली की पहिल्या दिवशी वाटीने मोज. उघड्या पातेल्यात करायचा असेल तर आजीचं माप चालतं: तांदळावर तर्जनीचं एक पेर बुडेल एवढं पाणी. धुऊन अर्धा तास निथळत ठेवलेला तांदूळ शिजताना मोडत नाही.

कुकरच्या तळाशी भांडी ठेवण्यापूर्वी पाणी आहे ना, बघ. त्यात पिळलेल्या लिंबाची फोड टाक, कुकर काळा पडत नाही. कुकरात पाणी साधारण १२० अंशांना पोचतं, म्हणून काम झटपट होतं. उघड्या भांड्यात पुण्याला ते ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, महाबळेश्वरला आणखी दोन-तीन अंश आधी. तिथे सहलीला गेलात आणि पातेल्यात बटाटे शिजेनात, तर गॅसला दोष देऊ नका.

वाफ वरून दे

कोबी, फरसबी, गवार अशा सुक्या भाज्यांत पाणी ओतायचं नाही. कढईवर खोलगट ताटली ठेव आणि ताटलीत पाणी. भाजी स्वतःच्या वाफेवर शिजते, तळाला लागत नाही. कोरडी वाटली तर ताटलीतलं गरम झालेलं पाणीच हाताने शिंपड. रश्शालाही गरमच पाणी. परतलेल्या मसाल्यावर गार पाणी पडलं की उकळी मोडते आणि मटण असेल तर ते आखडतं.

पालेभाजी नळाखाली धरून धुऊ नकोस. मोठ्या पातेल्यात बुडव, हलव आणि भाजी वर उचलून घे. माती तळाशी बसते. पातेलंच चाळणीत उपडं केलंस तर ती माती पुन्हा पानांवर. भेंडी मात्र आधी धुऊन, फडक्याने पुसून, मगच चिरायची. चिकट वाटली तर एखादं आमसूल टाक. अळूला आणि सुरणाला आंबट हवंच, घशाला खाज कमी सुटते.

ज्वारीची भाकरी कढत पाण्यात मळ. गव्हासारखा ताण त्या पिठात नसतो, गरम पाण्याने त्याला चिकटपणा येतो. दळून महिना झालेलं पीठ असेल तर उकळत्या पाण्यात उकड काढून घे, नाहीतर थापताना कडा फाटतील. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात सारखा फिरव आणि ते सुकायच्या आत उलट. सुकलं की भाकरी तडकते, फुगत नाही. मोदकाच्या उकडीला पिठीइतकंच पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पिठी घालून झाकण ठेवलं की दोन वाफांत उकड तयार.

बाल्कनीतल्या कुंड्या

कुंडीतली रोपं तहानेपेक्षा लाडाने जास्त मरतात. माती सतत चिखल राहिली की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. वरून पानं पिवळी पडतात, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि आपण आणखी ओततो. म्हणून बोट दोन पेरं मातीत घाल. ओल लागली तर आज पाणी नाही. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा आडवा ठेव, माती अडते आणि पाणी निघून जातं. पावसाळ्यात कुंड्या वळचणीखाली घे.

सुरुवात पान ओवा, गवती चहा आणि पुदिन्याने कर. बाजारच्या पुदिन्याच्या जाड काड्या खोचल्यास तरी रुजतात. पान ओव्याची तर कुठलीही फांदी लागते. त्याची भजी पावसात कर आणि मला बोलाव. कोथिंबिरीसाठी धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाका कर, रात्रभर भिजव, मग पेर. कढीपत्त्याला ऊन हवं, थंडीत पाणी बेताचं. अळूला मात्र हात सैल सोड, त्याला ओल लागतेच.

तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी झाडांना घाल, मिठाचं कधीच नाही. पाणी गाळणाऱ्या यंत्राच्या नळीतून बाहेर पडतं त्यात क्षार साठलेले असतात. ते फरशी पुसायला वापर, कुंडीत रोज ओतू नकोस.

बाहेर जेवताना

तू रोज घरी रांधशील, अशी माझी अपेक्षा नाही. बाहेरही जेव, पण डोळे उघडे ठेवून. नव्या खानावळीत पहिल्या दिवशी साधं वरण-भात आणि ताक माग. मसाल्याखाली पुष्कळ काही झाकता येतं. वरण पाणचट आहे का, ताक आंबून गेलंय का, ते लपत नाही. जिथे गर्दी असते आणि पातेली भराभर रिकामी होतात, तिथे शिळं उरायला वेळच नसतो.

पावसाळ्यात नियम सोपा. उकळलेलं नि तळलेलं चालेल, कच्चं पाणी लागलेलं नाही. मिसळीची कढत तर्री खा, वरचा चिरलेला कांदा राहू दे. बर्फ, पाणीपुरी, पातळ हिरवी चटणी दिवाळीपर्यंत थांबू शकतात. मिसळ घरी न्यायची तर रस्सा आणि फरसाण वेगळं बांधून घे.

आवडलेलं घरी करायचं असेल तर त्यात ओलावा कशाचा आहे, ते आधी हुडक. कोल्हापूरचा पांढरा रस्सा साध्या पाण्याचा होत नाही. मटण शिजवलेलं अळणी पाणी त्याचा पाया. त्यात तीळ, खसखस, काजूचं वाटण आणि नारळाचं दूध. दूध घातल्यावर खळखळून उकळू दिलंस तर ते फाटतं. मालवणी सोलकढीला तर आच दाखवायचीच नाही. नारळ कोमट पाण्यात वाटून पिळायचा नि आगळ घालायचं. आणि वाढणाऱ्याला आपुलकीने विचार. चांगला रांधणारा माणूस सहसा सांगायला कंजुषी करत नाही.

एवढं सगळं एका दिवसात जमणार नाही आणि जमायची गरजही नाही. या आठवड्यात फक्त डाळ आणि भात, दोन्हींचं पाणी वाटीने मोजून एका वहीत लिही. महिनाभराने वही लागणार नाही. येत्या रविवारी जेवायला ये, आमटी तू करायचीस.

– तुझी मावशी