धुळ्याचा फाटा आणि जळगावचे जंक्शन
(परस्परांशी जोडलेले ‘क्लाऊड’ व आपला व्यापार)

द्वितीय वर्ष कला

‘क्लाऊड’ हा शब्द आज इतका रुळला आहे की त्याचा अर्थ विचारण्याचाही संकोच वाटावा. विद्यार्थ्यांची छायाचित्रे क्लाऊडमध्ये, दुकानदाराची उधारी क्लाऊडमध्ये, बँकेचे खातेही क्लाऊडमध्ये. भारत सरकारने २०१४ साली आपल्या अशाच यंत्रणेला ‘मेघराज’ हे भारदस्त नाव दिले, तेव्हा तर आकाशाशी असलेले हे नाते अधिकच पक्के झाले. प्रस्तुत लेखाच्या निमित्ताने जळगावच्या दाणाबाजारातील एका वयस्क आडत्यांना मी याविषयी विचारले. ते हसून म्हणाले, “काय भो, ढगात पाणी राहतं, खातेवही कशी राहील?”

त्यांची शंका रास्त आहे, कारण वस्तुतः आकाशात काहीच नाही. जे आहे ते जमिनीवर, पक्क्या इमारतीत, थंड खोल्यांत ओळीने मांडलेले संगणक. शेतकरी किंवा व्यापारी स्वतःचे गोदाम न बांधता वखारीत माल ठेवतो आणि जितकी जागा, जितके दिवस, तितकेच भाडे देतो. हा प्रकार त्याहून फारसा वेगळा नाही. अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीने २००६ पासून ही संगणकांची वखार भाड्याने देण्यास प्रारंभ केला. आपल्याकडे मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत व २०२२ मध्ये हैदराबादेत, तर गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली केंद्रे उघडली. खानदेशच्या शेजारी नाशिकलाच ईएसडीएस ही कंपनी हा व्यवसाय करते आणि सहकारी बँका तिच्या ग्राहक आहेत. तेव्हा ‘ढग’ फार दूर नाही, एस.टी.ने जाता येईल इतका जवळ आहे.

भाड्याच्या संगणकाचा साधा लाभ सर्वांच्या ध्यानात येतो. आखाजीच्या मुहूर्तावर जळगावच्या सराफ बाजारात जी गर्दी उसळते ती वर्षभर नसते. त्या चार दिवसांसाठी मोठी यंत्रणा विकत घेऊन उरलेले वर्ष ती धूळ खात ठेवण्यापेक्षा चार दिवस जास्त भाडे भरणे शहाणपणाचे, हे व्यापाऱ्याला अर्थशास्त्राच्या पुस्तकाने शिकवावे लागत नाही. परंतु माझ्या मते खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. वखारी अनेक आहेत. त्या एकमेकींशी जोडलेल्या असल्या तर काय होते आणि नसल्या तर काय होते?

हा प्रश्न समजण्यासाठी खानदेशच्या रेल्वेचा नकाशा पाहावा. धुळ्याला चाळीसगावहून येणारा फाटा १९०० साली सुरू झाला. तो धुळ्याला येतो आणि तेथेच संपतो. सुरतेची गाडी धुळे जिल्ह्यातूनच, नरडाणा-दोंडाईचावरून धावते. पण धुळे स्थानकात ती येत नाही. चाळीसगावच्या मार्गावर काही बिघाड झाला की धुळ्याची रेल्वे बंद. याउलट जळगावला मुंबईचा मार्ग, भुसावळमार्गे नागपूर व उत्तरेचा मार्ग आणि सुरतेचा मार्ग असे तीन दरवाजे आहेत. एक अडला तर दुसऱ्याने जाता येते, आणि एका मार्गावरचा डबा दुसऱ्या मार्गावर लावता येतो. दोन्ही ठिकाणचे रूळ सारखेच पोलादी आहेत. फरक आहे तो जोडणीचा. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि तो धुळ्यावरून जाणार आहे. धुळेकरांना त्याचा इतका आनंद का झाला हे यावरून कळते.

ज्या व्यापाऱ्याचा सारा हिशोब एकाच कंपनीच्या क्लाऊडमध्ये आहे व तेथून इतरत्र नेण्याची सोय नाही, तो धुळ्याच्या फाट्यावर बसलेला आहे. ज्याचा हिशोब, माल, वाहतूक आणि बँक या निरनिराळ्या ठिकाणच्या यंत्रणा परस्परांशी बोलू शकतात, तो जंक्शनवर आहे. मोठ्या कंपन्यांनाही हे पटू लागले असावे. २०२५ च्या अखेरीस ॲमेझॉन आणि गूगल या कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी आपापल्या क्लाऊडमध्ये थेट खाजगी जोडणी देण्याची व्यवस्था संयुक्तपणे जाहीर केली.

जोडणीचे फळ आपण नकळत रोज चाखतोच. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमध्ये ग्राहकाची बँक एक, भाजीवाल्याची दुसरी, दोघांच्या फोनमधील ॲप निराळी, तरीही पैसे क्षणात पोहोचतात. भाजीवाल्याने कोणत्या कंपनीचा क्यूआर लावला आहे हे कोणी विचारीत नाही. सोन्याचेही तसेच. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी क्रमांक बंधनकारक झाला. गिऱ्हाईक तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ॲपमध्ये घालते आणि दागिन्याची शुद्धता, तपासणी केंद्र व सराफाची नोंदणी तेथल्या तेथे पाहते. जळगावच्या सोन्याची कीर्ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी विश्वासावर उभी आहे. तो विश्वास तसाच आहे. परंतु ओळखीपाळखी नसलेल्या परमुलुखातील ग्राहकालाही आता तो तपासून घेता येतो, आणि यात नव्या, लहान सराफाचा लाभ जुन्या पेढीहून अधिक आहे असे मला वाटते.

आता केळीकडे वळतो, कारण हा विषय सर्वात अधिक तिथेच भिडतो. रावेर-यावलच्या केळीची कीर्ती सर्वश्रुत आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आखाती देशांत जाणारी केळी हिरवीच कापतात, धुऊन पेटीत भरतात आणि शीतपेटीतून मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे रवाना करतात. वाटेत तापमान तेरा ते चौदा अंशांच्या आसपास राहावे लागते. जास्त झाले तर घड वाटेतच पिकू लागतात, फार कमी झाले तर साल काळवंडते. म्हणजे या मालाची किंमत तासागणिक बदलत असते आणि ती बदलली आहे हे कळण्यातच नफा-तोटा असतो.

एका शीतपेटीची माहिती किती ठिकाणी असते पाहा! पेट्या भरणाऱ्या केंद्राच्या संगणकात, वाहतूकदाराच्या जीपीएसमध्ये, बंदराच्या नोंदीत, सीमाशुल्क खात्याच्या ‘आईसगेट’ यंत्रणेत, जहाज कंपनीच्या क्लाऊडमध्ये, निर्यातदाराच्या बँकेत, आणि शेवटी दुबईच्या खरेदीदाराकडे. माल एकच, नोंदी सात. या साती नोंदी आपापल्या फाट्यावर बसून राहिल्या तर त्यांना जोडणारा दुवा म्हणजे निर्यातदाराच्या कचेरीतला एक मुलगा, जो दिवसभर फोन करतो, छायाचित्रे मागवितो आणि तोच आकडा पुन:पुन्हा टंकतो. टंकताना शून्य कमी-जास्त झाला तर कागद अडतो आणि कागद अडला तर शीतपेटी बंदरात उभी राहते. हेच क्लाऊड जोडलेले असतील तर शीतपेटीतील तापमापकाने दोन अंशांची वाढ दाखविताच वाहतूकदार आणि निर्यातदार दोघांनाही ती एकाच वेळी कळेल. बँकेला कागदाची वाट न पाहता माल निघाल्याची खात्री होईल आणि पैसे लवकर मोकळे होतील. पैसे लवकर मोकळे झाले की रावेरच्या शेतकऱ्याला चुकारा लवकर मिळेल, निदान मिळू शकेल. (त्या मुलाच्या नोकरीचे काय, असा प्रश्न आमच्या वर्गातील एकाने विचारला. त्याचे उत्तर सोपे नाही. तो टंकण्याऐवजी अडलेला माल सोडवील असे मी म्हटले, पण ते मालकाच्या मर्जीवर आहे.)

येथवर वाचून जोडणी म्हणजे केवळ वरदान अशी समजूत होईल, म्हणून दुसरी बाजू मांडणे अगत्याचे आहे. ३१ जुलै २०२४ रोजी देशातील सुमारे ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थबकले. या बँकांना तांत्रिक सेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या एका कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला होता. यूपीआय चालविणाऱ्या राष्ट्रीय महामंडळाने ती कंपनी जाळ्यातून तात्पुरती तोडली. दुसऱ्या दिवशी तपासणीनंतर जोडणी पूर्ववत झाली. काही जण याचा अर्थ असा लावतात की जोडणीमुळेच संकट येते. मला तसे वाटत नाही. त्या तीनशे बँका एकमेकींशी जोडलेल्या होत्या म्हणून अडल्या नाहीत. सर्वांचा दरवाजा एकच होता म्हणून अडल्या. तीनशे धुळी आणि एकच चाळीसगाव! उलट, रोगट डबा वेळीच सोडविता आला म्हणून उरलेली गाडी चालत राहिली.

दरवाजा एकच का राहतो, याचे कारण तंत्रापेक्षा अर्थकारणात सापडते. क्लाऊडमध्ये माहिती घालण्यास कंपन्या बहुधा पैसे घेत नाहीत, बाहेर काढण्यास घेतात. जत्रेतल्या तमाशाच्या तंबूत आत जाणे फुकट आणि बाहेर पडण्यास तिकीट असावे तसा हा न्याय आहे. ओरड झाल्यानंतर २०२४ च्या आरंभी गूगल, ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्ट यांनी कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकापुरते हे शुल्क माफ केले. युरोपीय संघाने तर कायदाच केला. तो सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून जानेवारी २०२७ पासून क्लाऊड बदलण्याचे शुल्क तेथे घेता येणार नाही. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क नाही. २०१९ च्या विधेयकात मात्र तो होता. याची चर्चा राज्यशास्त्राच्या तासाला व्हावी अशी माझी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे.

मोठ्या उद्योगाकडे वकील असतो. लहान व्यावसायिकाकडे फक्त विक्री प्रतिनिधीचा शब्द असतो. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग मिळतात, त्यामुळे तेथे मालवाहतुकीचा धंदा मोठा. त्यातील एका वाहतूक कचेरीत मी गेलो होतो. बाराएक मालमोटारींच्या फेऱ्या, डिझेल, चालकांची उचल असा सहा वर्षांचा सारा हिशोब एका क्लाऊड सेवेत आहे. मी काकांना विचारले, उद्या ही सेवा सोडायची झाली तर हिशोब कसा परत मिळेल? त्यांनी कपाटातून कराराचा कागद काढला. तो इंग्रजीत होता. आम्ही दोघांनी टेबलावर पसरून सावकाश वाचला. माहिती परत देण्याविषयी अकरा पानांत एकच ओळ निघाली : करार संपल्यानंतर तीस दिवस माहिती ठेवण्यात येईल. कोणत्या स्वरूपात मिळेल, किती खर्चाने मिळेल, दुसऱ्या सेवेत ती बसेल की नाही, यांपैकी काहीही लिहिलेले नव्हते. काकांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. मार्चमध्ये नूतनीकरणासाठी माणूस येईल तेव्हा चहा देण्याआधी हेच विचारीन, असे ते म्हणाले आणि कागद कपाटात न ठेवता टेबलाच्या काचेखाली सरकविला.