अंतरीचा प्रकाश आणि त्याची पारख

ईश्वर माझ्या अंतरी बोलतो असे म्हणणे सोपे आहे. पण असे म्हणणाराच्या मागे एक प्रश्न सावलीसारखा लागतो. अंतरी बोलला तो ईश्वरच, की आपलेच मन, हे ओळखावे कसे? सतराव्या शतकात इंग्लंडात हा प्रश्न एका पंथाच्या अगदी जिवावर बेतला. तो पंथ क्वेकरांचा. त्याची हकीकत आम्ही आज सांगणार आहो.

जॉर्ज फॉक्स हा लेस्टरशायर परगण्यातील एका विणकराचा मुलगा, जन्म १६२४ चा. जोडे करणाराकडे उमेदवारीस होता. १६४३ साली घर सोडून निघाला. देशात राजा आणि पार्लमेंट यांची यादवी पेटलेली, जो तो पाद्री आपलेच खरे म्हणणारा. फॉक्सने पुष्कळांना विचारून पाहिले, पण समाधान कोठेच होईना. शेवटी १६४७ च्या सुमारास त्याला असा अनुभव आला, की आपल्या मनाची अवस्था जाणून बोलणारा एक ख्रिस्तच आहे आणि तो आतूनच बोलतो. तेथून त्याचा उपदेश सुरू झाला. प्रत्येक माणसात ख्रिस्ताचा प्रकाश आहे. पगारी पाद्री नको, आणि दगडाविटांच्या इमारतीला देवाचे मंदिर म्हणू नका. ही मंडळी एकत्र जमत आणि गप्प बसत. ज्याला आतून प्रेरणा होईल त्याने उठून बोलावे, मग तो पुरुष असो की बाई. बायकांच्या या अधिकाराचे समर्थन करणारे पुस्तक मार्गारेट फेलबाईंनी लँकेस्टरच्या तुरुंगात असताना लिहिले. ते १६६६ साली छापले गेले.

ते स्वतःला ‘मित्र’ म्हणवीत. ‘क्वेकर’ म्हणजे थरथरणारा, हे नाव चेष्टेने पडलेले. १६५० मध्ये डर्बी येथे फॉक्सने न्यायाधीशाला, देवाच्या वचनापुढे थरथर काप, असे सुनावले, आणि न्यायाधीशाने तोच शब्द उलटा फेकला, असे फॉक्सने स्वतः लिहिले आहे. न्यायाधीशासमोरही हे लोक टोपी काढीत नसत. त्या काळच्या इंग्रजीत थोरामोठ्यांना ‘तुम्ही’ आणि हलक्यांना ‘तू’ म्हणत. क्वेकर सगळ्यांनाच ‘तू’ म्हणत. आपल्या कानाला हा उद्धटपणा वाटेल. त्यांना मात्र, एकाला अनेकवचन लावणे हे खोटे बोलणे आहे, असे वाटे. त्यापायी कितीकांनी मार खाल्ला.

आता जेम्स नेलरची गोष्ट. हा यॉर्कशायरचा, पूर्वी पार्लमेंटच्या सैन्यात होता. वाणी अशी रसाळ, की लंडनात फॉक्सपेक्षा याच्याच भोवती लोक अधिक जमू लागले. काही भक्त तर त्याला प्रत्यक्ष ईश्वरपुत्राची नावे देऊन पत्रे लिहू लागले. १६५६ मध्ये नेलर एक्झेटरच्या तुरुंगात असताना फॉक्स त्याला भेटावयास गेला. दोघांचे पटले नाही. निघताना नेलर चुंबन घेऊन समेट करू गेला, तेव्हा फॉक्सने आपला पाय पुढे केला. आपल्याकडे संतांच्या पायी डोके ठेवणे हे प्रेमाचे लक्षण. तेथे तो शुद्ध अपमान होता. फॉक्सविषयी आम्हाला आदर आहे, तरी हे कृत्य आमच्या मनाला रुचत नाही.

त्याच ऑक्टोबरात नेलर सुटला आणि भर पावसात घोड्यावर बसून ब्रिस्टल शहरात शिरला. बरोबरचे लोक पुढे आपली वस्त्रे पसरीत होते, ‘पवित्र, पवित्र’ असे गात होते. येशू जेरुसलेमात आला त्याची ही नक्कल. पकडल्यावर नेलर म्हणाला, हा मान माझ्या देहाला नव्हे, आतल्या ख्रिस्ताला आहे. मी केवळ खूण. पार्लमेंटने अनेक दिवस वाद करून डिसेंबरात निकाल दिला. फाशी टळली ती ९६ विरुद्ध ८२ मतांनी. मग खोड्यात मान अडकवणे, चाबकाचे ३१० फटके, जिभेला तापल्या लोखंडाने भोक, कपाळावर ईश्वरनिंदकाचा डाग, आणि वर कैद.

विरोधकांना आयतेच फावले. त्यांचे आक्षेप मात्र पूर्वीपासूनचे होते, आणि ते सगळेच पोकळ होते असे आम्ही म्हणणार नाही. रिचर्ड बॅक्स्टरने १६५५ मध्येच क्वेकरांवर पुस्तक लिहिले होते. त्याला उत्तर दिले होते खुद्द नेलरने. १६५६ मध्ये जॉन बन्यन पुढे आला, तोच पुढे ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चा कर्ता. त्याचे म्हणणे असे : तुम्ही मनुष्याच्या सदसद्बुद्धीलाच ख्रिस्त म्हणता, आणि जो खरोखर देह धरून वधस्तंभावर मेला त्याला विसरता. एडवर्ड बरो नावाच्या, नुकती विशी ओलांडलेल्या क्वेकराने त्याच वर्षी उलट उत्तर दिले, की बाहेरचा आणि आतला ख्रिस्त दोन नव्हेत, एकच. बन्यनने पुन्हा लिहिले, बरोनेही पुन्हा लिहिले. दोघांचीही लेखणी तिखट. पण राजसत्ता परत आल्यावर दोघांच्याही वाट्याला तुरुंगच आला. बरो १६६३ मध्ये न्यूगेटच्या तुरुंगात मेला. बन्यन बेडफर्डला बारा वर्षे पडून होता. १६७२ मध्ये क्वेकरांच्या खटपटीने दुसऱ्या चार्ल्स राजाने जी माफी दिली, तिच्या यादीत बन्यनचेही नाव होते!

मूळ प्रश्न मात्र उरलाच होता. त्याचे शास्त्रोक्त उत्तर रॉबर्ट बार्क्ले या स्कॉटिश गृहस्थाने दिले. त्याचा ‘अपॉलॉजी’ ग्रंथ १६७६ साली लॅटिनमध्ये व १६७८ साली इंग्रजीत निघाला. तो म्हणतो, धर्मग्रंथ हा झरा नव्हे, झऱ्याची वार्ता आहे. पण खरी अंतःप्रेरणा धर्मग्रंथाशी किंवा शुद्ध विवेकाशी कधी विरोध करीत नाही. मंडळीने त्याच्याही आधी, १६७३ मध्ये, एक व्यवहारी उपाय काढला. लंडनात दर सोमवारी सकाळी जाणत्यांची बैठक भरे आणि छापावयाचा मजकूर ती आधी तपासी. आतला आवाज एकाचा, पारख दहांची. गंमत अशी, की पुढे खुद्द फॉक्सचेही कागद या बैठकीने अडवले, तेव्हा तो चांगलाच रागावला.

आणि नेलर? १६५९ मध्ये तो सुटला, तेव्हा अगदी नम्र झाला होता. आपण भुललो, हे त्याने लिहून प्रसिद्ध केले. फॉक्सची मनधरणी करावी लागली, पण समेट झाला. १६६० च्या ऑक्टोबरात घराकडे उत्तरेस पायी चालला असता वाटेत चोरांनी लुटून बांधून टाकले. शेतात सापडला, आणि थोड्याच अवकाशात एका मित्राच्या घरी वारला. शेवटी शेवटी तो, सर्व अन्याय सोसूनही सूड न इच्छिणाऱ्या एका आत्म्याविषयी बोलत होता. ते बोलणे कोणीतरी लिहून ठेवले. त्याच्या लेखांचा संग्रह मात्र त्याच्याच पंथातून निघावयास १७१६ साल उजाडले.